वांग्याच्या फुलाचा रंग

२ एप्रिल, बुधवार

आज एका बाईनं मला फोनवर विचारलं, "आजी, तुम्हाला रंग कुठला आवडतो?"

ऐंशी मला लागली की ओलांडली ते देव जाणे, पण हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता. नवरा बाजारातून लुगडं आणायचा ते मळखाऊ, माती लागली तरी दिसू नये असं. आणायचा आणि खाटेवर फेकायचा. म्हैस घ्यायची असली की चार माणसं जाऊन तिचा रंग बघून येतात. बाईला कोण विचारतंय! म्हणून ठरवलं, ही गोष्ट लिहून ठेवायची. नातीची एक कोरी डायरी कपाटात पडली होती, ती काढली. मला अक्षर येत नाही. सून बारावी शिकलेली आहे, तिला समोर बसवलं. मी बोलते, माधवी लिहिते. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. म्हणे, लिहिताना तसंच लिहितात. लिही बाई. पण माणसांचं आपसातलं बोलणं हाय तसंच ठेव, त्याला इस्त्री करू नको, असं बजावलं आहे.

फोन करणारी अनिता, म्हणजे माझ्या नातीची, सुप्रियाची होणारी सासू. कळसची माणसं. अक्षय तृतीयेला लग्न आहे. लग्नात नवरदेवाकडून नवरीच्या आजीला लुगडं येतं, त्याला आजेचीर म्हणतात. त्याचाच रंग ती विचारत होती. मला एकदम काही सांगता येईना. म्हटलं, कळवते.

फोन ठेवला तर माधवी हळूच म्हणाली, "आत्या, आजेचीर आईच्या आईला आसतं. त्यांनी माझ्या आईसाठी इचारलं आसंल."

"फोन कुणी उचलला?"

"तुमी."

"मग झालं तर."

तिची आई छबूबाई इंदापुरात लेकाकडं असते. सध्या पडून आहे. दर उन्हाळ्यात ती मरायला टेकते आणि पाऊस पडला की उठून भाकऱ्या थापते. तिला रंग विचारून करायचंय काय?

थांबलीस का? हेही लिही.

४ एप्रिल, शुक्रवार

रंग सापडला. म्हणजे मनात सापडला.

लग्न होऊन मी सणसरला आले तेव्हा आमच्या वावरात वांगी होती. आजही आहेत. दिवसभर वाकून वांगी तोडायची. सासू बांधावर बसून माझ्या पाठीकडं बघायची. पाठ सरळ झाली की तिची हाक यायची. आता वाकलेल्या बाईच्या डोळ्यांपुढं काय येणार? वांग्याचं फूल. फिकं जांभळं, मध्ये पिवळं. सगळ्या घरादारात तेवढं एकच होतं, जे माझ्याकडं बघून काम सांगत नव्हतं. मला तोच रंग पाहिजे.

खात्री करावी म्हणून सकाळी वावरात गेले. तर फुलं मेली पांढुरकी, धुण्याच्या पाण्यासारखी! लेकाला म्हटलं, "सर्जेराव, बियाणं कुठलं आणलंस? फुलाचा रंग उतरलाय."

"आये, फूल हाय तसंच हाय."

पोरगा पोटचा, पण नजर बापाची.

माधवी म्हणाली, "आत्या, एकदा बारामतीला डोळं दाखवून येऊ."

म्हटलं, "डोळं नवरीनं दाखवायचं असतात. मी कुणाला दाखवू?"

तिला हसू आलं नाही. तिला कधीच येत नाही. कुणाच्या तरी मयताला निघाल्यासारखं तोंड करून ती या घरात आली आणि तेच तोंड घेऊन स्वयंपाक करते.

५ एप्रिल, शनिवार

ही लिहिते तरी काय, ते बघावं म्हणून शेजारच्या रेश्माला बोलावलं आणि डायरी वाचून घेतली. शब्द न् शब्द जागेवर. छबूबाईचं मरायला टेकणं आहे, मयताचं तोंड आहे. रेश्माच वाचताना अडखळली. मी घातलेल्या शिव्या माधवीनं जशाच्या तशा लिहिल्यात, त्याही शुद्ध. म्हटलं, बाई कशीही असेल, पण कागदावर खोटं उतरवत नाही. तेवढा गुण तिच्यात आहे.

८ एप्रिल, मंगळवार

आज रंग शोधायला बारामतीला गेलो.

आमच्या सणसरच्या फाट्यावर उभं राहिलं की एकीकडून बारामतीची एस. टी. येते आणि समोरच्या अंगाला इंदापूरची थांबते. आधी इंदापूरची आली. माधवी तिच्याकडं अशी बघत राहिली, जशी काय तिच्यातून तिची आईच उतरणार आहे. म्हटलं, "मान मोडंल. आपली गाडी हिकडची."

"आत्या, संजीवनीचा फोन आलता. आई जेवत न्हाय म्हणती. उद्या जाऊन येऊ का?"

संजीवनी तिची भावजय. मी म्हटलं, "जेवत न्हाय तर संजीवनीचा सैपाक चाखून बघ आधी."

बारामती आता ओळखू येत नाही. तीन हत्ती चौकात मी हत्ती तेवढे ओळखले. बाकी काचेच्या इमारती, कालव्याच्या कडेनं बागा, फरशा, बाकडी. मी ठरवलं होतं, नुसती दुकानं बघायची नाहीत. रंग कुठंही असू शकतो. म्हणून गोळ्याच्या गाडीवरच्या बाटल्या बघितल्या, कॉलेजच्या पोरींच्या ओढण्या बघितल्या, एका पोरीची तर धरूनच बघितली. ती किंचाळली. रिक्षा, पाट्या, एका डॉक्टरच्या दवाखान्याची भिंत, सगळं बघितलं. पण अख्ख्या गावावर कुणी चहा सांडल्यासारखं दिसत होतं. एवढं गाव सुधारलं, रस्ते रुंद केले, आणि माझा रंग मात्र कुठंच ठेवला नाही.

मग मारवाड पेठेत शिरलो. एका दुकानात गादीवर बसले आणि पोराला सांगितलं, "वांग्याच्या फुलाचा रंग काढ."

त्याचा मालक हुशार निघाला. म्हणाला, "मावशी, त्याला लव्हेंडर म्हणतात आता. लई चालतोय यंदा." आणि साड्यांचा ढीग घातला माझ्यापुढं.

सगळा ढीग राखेचा. राखुंडीनं दात घासावेत तसल्या साड्या.

माधवी एक साडी उचलून म्हणाली, "आत्या, ह्योच रंग. अगदी ह्योच."

"तू गप. तुला वांगं आणि बटाटा यातला फरक कळत न्हाय, ते भाजीत दिसतंच."

दुकानातली माणसं हसली. माधवीही दुकानं फिरता फिरता दमली असावी, कारण नंतर तिनं तोंड उघडलं नाही. पाच-सहा दुकानं झाली. सगळ्यांकडं राख. बारामतीकर मला फसवायला बसलेत, दुसरं काय.

१० एप्रिल, गुरुवार

आज गंमत केली.

संजीवनीचा सकाळीच फोन आला. छबूबाई म्हणे माधवीचं नाव घेते. सर्जेराव म्हणाला, "जा गं तू, आईला भेटून ये." माझ्याकडं न बघता म्हणाला. माझ्याकडं बघून बोलायची त्याची छाती नाही. माधवीनं लगेच साडी बदलली, पिशवीत डाळिंबं भरली. डाळिंबाच्या गावाला डाळिंबं घेऊन निघाली, ही हिची अक्कल.

मी म्हटलं, मीही फाट्यापर्यंत येते. आज गुरुवार, बारामतीचा बाजार. तू तिकडं जा, मी एकटी इकडं जाते. तिला ते पटेना, पण गाडी समोर दिसत होती. तिनं पायरीवर पाय ठेवला आणि मला चक्कर आली.

म्हणजे मी आणली. चक्कर आणणं अवघड नसतं. डोळे वर करायचे, पदर सोडायचा आणि ज्या बाजूला माणूस असेल त्या बाजूला पडायचं.

कंडक्टर ओरडला, "बाई, येताय का न्हाय?" माधवीनं पिशवी टाकली आणि मला धरलं. इंदापूरची गाडी गेली. डाळिंबं रस्त्यावर गडगडली.

घोटभर पाणी प्यायले आणि म्हटलं, "आता बरं वाटतंय. बारामतीची येतीय बघ, चल."

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. म्हटलं, "असं काय बघतीस? म्हाताऱ्या माणसाला काय सांगून चक्कर येती व्हय?"

ती आली माझ्याबरोबर. बाजारात मी काकड्या चाखल्या, बांगड्यांची दुकानं बघितली, रांगोळीवाल्याच्या सगळ्या रंगांत बोट घालून बघितलं. एकात बोट घातलं तर माधवी म्हणाली, "हाच की, आत्या." मी रांगोळीवाल्याला विचारलं, "व्हय रे, हिला डोळं हायत का?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "जांभळाच हाय की, आज्जी." दोघांचं संगनमत. बोट नंतर माधवीच्या पदराला पुसलं.

१३ एप्रिल, रविवार

आज काही नाही. माधवी विचारते, "जाऊ का?" मी म्हणते, "रंग सापडला की जा." मी काय तिला बांधून ठेवलंय? रंग तिनंच शोधून द्यावा आणि जावं.

१५ एप्रिल, मंगळवार

हे लिहू नको.

चहा कपात ओतताना बाहेर गेला. दोनदा. मी म्हटलं, कपच हलका झालाय हल्ली. माधवी पुसायला आली, पण काही बोलली नाही. मला ते आवडलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला तिला चार शब्द ऐकवता आले असते.

डोळ्यांना काही झालंय की काय, असं मध्येच मनात येतं. उन्हात गेलं की सगळीकडं धुरळा. पण दाखवले की ते कापणार, मग काळा चष्मा घालून लग्नात कोपऱ्यात बसवणार. आणि आजेचीर? ते मग आईच्या आईला. लोक वाटच बघतायत. मला जन्मात एकदा विचारलंय. तो प्रश्न मी माझ्या पायानं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवू?

लिहिलंस ना सगळं? म्हटलं होतं लिहू नको. खोड आता.

खोडलंस? मला काय कळतंय म्हणा.

२२ एप्रिल, मंगळवार

चार दिवस लिहिणारी घरात नव्हती. छबूबाई गेली. सगळं आठवतंय तसं सांगते.

शुक्रवारी बस्ता होता. लग्नाचे कपडे दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात बसून घ्यायचे, तो बस्ता. बारामतीत मोठं दुकान, गार हवेचं. कळसहून अनिता आली, नवरदेव इंद्रजित आला. आमच्याकडून सर्जेराव, माधवी, सुप्रिया आणि मी. सकाळी निघतानाच माधवीनं सांगितलं होतं, "आज बस्ता झाला की मी तिथूनच इंदापूरला जाणार." विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, बघू.

दुकानात तिचा फोन सारखा वाजायला लागला. शुभकार्यात मध्येमध्ये ते घुंगरू कशाला? म्हटलं, "इकडं दे, मी सांभाळते." दहा माणसांत सासूनं हात पुढं केला, ती नाही कशी म्हणेल. फोन घेतला आणि माझ्या पिशवीत टाकून पिशवी मांडीखाली घेतली. तो आवाज न करता थरथरत राहिला. खुराड्यातल्या पिल्लावर बसल्यासारखं वाटत होतं.

नवरीच्या साड्या झाल्या, मानपान झाला. मग अनितानं हसून विचारलं, "आजी, आता तुमचा रंग."

मी सांगितला. दुकानदारानं माळ्यावरचंसुद्धा काढलं. पोरं घड्या उलगडून दमली. राख, राख, राख. एक साडी बघून अनिता म्हणाली, "अगं बाई, किती गोड!" सुप्रिया म्हणाली, "आज्जी, हेच तर वांग्याचं फूल." इंद्रजितनं शेतातलं फूल मोबाइलवर काढून साडीशेजारी धरलं आणि म्हणाला, "आजी, डिट्टो." मी मोबाइलकडंही बघितलं. तीही राख.

माधवी म्हणाली, "आत्या, हीच घ्या. माझ्यासाठी घ्या. मला जायचंय."

"तुझ्यासाठी? आजेचीर काय तुला हाय?"

"आत्या, माझा फोन द्या."

"बस्ता होऊ दे."

"आत्या, फोन द्या वो." हात जोडले तिनं. दुकानातली पोरं बघायला लागली. मला लाज वाटली, सुनेला रीतभात नाही म्हणून. सर्जेराव चपला बघत उभा राहिला.

शेवटी अनितानंच ती साडी बांधायला सांगितली. माधवीच्या हातात पिशवी देऊन म्हणाली, "ताई, घरी उन्हात दाखवा आजींना, आवडंल. नसली आवडली तर बदलून देतील." बाहेर ऊन उतरलं होतं. मी मांडीखालून पिशवी काढली, फोन दिला. माधवीनं तो बघितला. कुणाला फोन लावला नाही. साडीची पिशवी तशीच काखेत, रस्ता ओलांडून पळाली. चप्पल निघाली तर ती घालायला थांबली नाही. सर्जेराव तिच्या मागं गेला.

ती पोचली तेव्हा छबूबाई गेलेली होती. दुपारपासून संजीवनी फोन लावत होती. म्हातारीला म्हणे फोनवर लेकीचा नुसता आवाज ऐकायचा होता. मरणारं माणूस काहीही मागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंदापूरला गेले. रीत आहे, जावं लागतं. मढ्यावर नवी कोरी साडी घातली होती. घडीची खूणसुद्धा मोडली नव्हती. अंगावरची जुनी उतरवून संजीवनीनं कोपऱ्यात घडी घालून ठेवली होती. रंग राखेचा! मला मनातून हसू आलं. थोड्या वेळानं राखच होणार, मग आधीच कशाला तो रंग? पण शेजारची एक बाई डोळे पुसत म्हणाली, "काय रंग हाय बाई! जित्तेपणी नेसायला मिळाला असता तर." दुसरी म्हणाली, "लेकीनं आणलीय." राखेला रंग म्हणणारी माणसं इंदापुरातच.

घरी आल्यावर सुप्रियाला विचारलं, बस्त्यातली ती साडी कुठाय? ती तशीच आत गेली. नाही तरी मला ती नकोच होती.

हे सगळं मी सांगत होते, माधवी लिहीत होती. पेन एकदाही थांबलं नाही. मला तिचं कौतुक वाटलं. एरवी आई मेली की बायका महिनाभर डोक्याला फडकं बांधून बसतात.

२४ एप्रिल, गुरुवार

माधवीत फरक पडलाय. वाद घालत नाही. डोळे दाखवू म्हणत नाही. चहा बाहेर गेला तर पुसते आणि म्हणते, "कप हलकाच हाय, आत्या." मी म्हटलं नव्हतं? आई असेपर्यंत बाईचं एक पाऊल माहेरात असतं. आता दोन्ही पावलं घरात आली. वठणीवर आली.

आज तिनं आपण होऊन विचारलं, "आत्या, रंग शोधायचा राहिलाय न्हवं? मी आणते."

"कुठनं आणशील? सगळी बारामती पालथी घातली."

"बारामतीत न्हाय. इंदापुरात बघते. आईच्या दहाव्याला जाणारच हाय."

मला हे आधी कसं सुचलं नाही!

२८ एप्रिल, सोमवार

आणला! हिनं आणला!

काल दहावा उरकून आली. आज सकाळी न्हाणं झाल्यावर तिनं माझ्या हातात साडी ठेवली. म्हणाली, "घ्या आत्या. तुमचा रंग."

मी दारात जाऊन बघितली. खरं सांगू? मला ती फुलासारखी दिसेना. भिंतीसारखी दिसली. म्हटलं, "माधवे, नीट सांग. ह्योच का?"

"ह्योच, आत्या. वांग्याचं फूल."

"मला वायलं दिसतंय गं."

"उजेडाचा फरक हाय. मी खोटं बोललेय का कधी?"

हे मात्र खरं. तिनं माझ्या शिव्यासुद्धा गाळल्या नाहीत, ती रंगात कशाला फसवेल? तरी रेश्माला हाक मारली. रेश्मानं साडीकडं बघितलं, मग माधवीकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय, आज्जी. फूलच." आणि दूध उतू जातंय म्हणून पळाली.

साडी काय मऊ आहे! खळ नाही, काही नाही. नव्या साड्या कशा पत्र्यासारख्या वाजतात, ही अंगाला लगेच ओळखते. पदराजवळ बोटाला दोन ठिकाणी टाके लागले. माधवी म्हणाली, हातमागाची असते तशी, नक्षी आहे ती. वासही निराळा, बाम आणि कापराचा. म्हणे, भारी साडीला कसर लागू नये म्हणून दुकानदार ठेवतात.

सुप्रिया आतून आली. साडी बघून ती एकदम म्हणाली, "आई, असं नको करू गं."

माधवी म्हणाली, "आजीला हवा तो रंग दिलाय. तू मेंदीचं बघ."

पोरीच्या डोळ्यांत पाणी. तिच्या पैठणीपेक्षा माझी साडी उजवी ठरली, दुसरं काय? आजकालच्या पोरींना मन नाही.

१ मे, गुरुवार

काल लग्न झालं. आज पाय सुजलेत, पण हे लिहून ठेवल्याशिवाय झोप यायची नाही.

माधवीनं मला स्वतः साडी नेसवली. निऱ्या घातल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला, दोन्ही खांदे दाबून मला आरशापुढं उभं केलं. आरशात मला कुणीतरी म्हातारी दिसली, पुसट. म्हटलं, "कशी दिसते?"

ती म्हणाली, "आईसारखी."

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून माझ्यासाठी तो शब्द पहिल्यांदा आला.

मांडवात गेले तर माणसं बाजूला सरली. इंदापूरची पाहुणेमंडळी पुढच्या रांगेत होती, त्यांचं बोलणं मला बघून थांबलं. असा रंग त्यांनी बघितला नसेल. मी मुद्दाम त्यांच्यासमोरून दोनदा गेले, पदर जरा उडवत.

अनिता नारळ घेऊन पाया पडायला आली. वाकली, आणि वाकल्यावाकल्या तिनं काठ बघितला. उठून माधवीला हळू म्हणाली, "ताई, आपण घेतलेली ही न्हाय."

माधवी म्हणाली, "त्यांना ती राख दिसली. ही आवडली."

"पण ही तर..."

"आवडली त्यांना."

मी म्हटलं, "अनिताबाई, तुमची निवड चांगली होती, पण नजर लागते रंगाला. माझ्या सुनेला हाय ती." भर मांडवात मी माधवीचं कौतुक केलं. लिही, ठळक लिही. अनिता नारळ माझ्या ओटीत ठेवायचा विसरून तशीच गेली. आजेचिराचा मान असा एवढा मोठा, की विहीणबाईला शब्द सुचेना.

मग संजीवनी आली. सासूच्या दुखवट्यात आहे म्हणून कोपऱ्यात बसली होती. माझा पदर तिनं हातात घेतला. तिची बोटं त्या टाक्यांवर थांबली. म्हणाली, "वन्सं, हे टाकं मी..."

"राहू दे, संजीवनी," माधवी म्हणाली.

तर संजीवनी तो पदर तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागली. लोक बघायला लागले. मी पदर ओढून घेतला. चांगली साडी, डाग पडायचा. म्हटलं, "अगं, तुझ्या सासूच्या नशिबात न्हवता हा मान, त्याला मी काय करू?" माधवी तिथंच उभी होती. तिनं भावजयीला धरलं नाही की माझ्यावर डोळे काढले नाहीत. माझ्या खांद्यावरचा पदर परत नीट केला, पिन लावली. इतकी शहाणी सून कुणाला मिळते?

फोटोत मला मधोमध बसवलं. फोटोवाला म्हणाला, "आज्जींना जरा मागं घ्या." माधवी म्हणाली, "न्हाय. पुढंच बसवा. सगळी साडी दिसू द्या."

घरी आल्यावर साडी उतरवून माधवीनं घडी घातली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "एक गोष्ट लिही आणि नीट लिही. मी गेले की मला हीच साडी घालायची. दुसरी कुठली आली तरी घ्यायची न्हाय. ह्याच रंगात मला न्यायचं."

तिनं लिहिलं.

"वाच."

तिनं वाचून दाखवलं. एकही शब्द खाल्ला नव्हता.

"सर्जेरावाच्या ध्यानात राहायचं न्हाय, माधवे. तू इसरायची न्हाईस ना?"

"न्हाय, आत्या," ती म्हणाली. "मीच नेसवीन. माझ्या हातानं."